आधी घर, मग नाव

मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "घर कोणतं?"

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखीचा होता. आमच्या शहरात जात विचारण्याची ती सभ्य पद्धत आहे. वस्तीचं नाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दुकानाचं शटर अर्धं खाली यावं तसं काहीतरी होतं आणि पुढचं सगळं बोलणं त्या उरलेल्या अर्ध्यातून चालतं. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि सुटीच्या दिवशी चळवळीची पत्रकं छापून वाटायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. त्यामुळे मी खुर्चीत ताठ झाले आणि म्हणाले, "घराचा आणि प्रोग्रामिंगचा काय संबंध?"

सर रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. "संबंध आहे ना," ते म्हणाले. "तोच तर एक संबंध आहे." आणि त्यांनी मला नोकरी दिली.

पुढे कळलं की हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. टपाल घेऊन आलेल्या माणसाला, फोनवर बोलणाऱ्याला, चहावाल्याला. "मी मोहन बोलतोय" असं कुणी फोनवर म्हटलं की सर म्हणत, "कोणत्या घरचा मोहन? नागपुरात मोहन काय एकच आहे का गा?" त्यांना घराशिवाय नाव ऐकूच येत नसे.

आमचं कॉम्प्युटर केंद्र सीताबर्डीत एका चपलांच्या दुकानाच्या वर होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर म्हणजे काय हे खालच्या दुकानदारालाही नीट माहीत नव्हतं; वरच्या एसीचं पाणी त्याच्या पाटीवर गळतं, एवढीच त्याची तक्रार होती. आम्ही शाळांच्या फिया, सहकारी सोसायट्यांची बिलं, कुणाकुणाचे पगार अशी कामं करत असू. बाकीची केंद्रं ही कामं बाजारात मिळणाऱ्या भाषांमध्ये करत. आमच्याकडे सरांनी स्वतः रचलेली भाषा होती. तिचं नाव 'मोहल्ला'.

मोहल्ला ही कंसांची भाषा होती. लिस्प नावाची एक जुनी परदेशी भाषा आहे, तिच्या वळणावर गेलेली. जे काही सांगायचं ते कंसात, कंसात कंस, त्यात आणखी कंस. सर बोलतही तसेच. एक गोष्ट सुरू करत, तिच्या पोटात दुसरी उघडत, दुसरीच्या पोटात तिसरी. ऐकणारा वाट चुकला की मग एकेक गोष्ट उलट्या क्रमाने संपवत आणि प्रत्येक संपली की हवेत बोटाने कंस बंद करत. त्यांची एकही गोष्ट उघडी राहिलेली मी ऐकली नव्हती. म्हणजे त्या एका दिवसापर्यंत.

या भाषेत काम करणाऱ्या प्रत्येकाला सर एक घर देत. तुम्ही लिहिलेली फंक्शनं तुमच्या घरात राहायची. फंक्शन म्हणजे नाव देऊन बांधून ठेवलेलं काम. नावाने हाक मारली की ते उठतं, काम करतं आणि उत्तर देतं. आपल्या घरातल्याला नुसत्या नावाने हाक मारायची मुभा होती. "चुलीपाशी बसलेल्या माणसाले कोणी पत्ता विचारते का?" सर म्हणत. पण दुसऱ्याच्या घरातलं फंक्शन हवं असेल, तर आधी त्या घराचं नाव, मग दोन टिंबं, मग फंक्शनचं नाव. त्यातही घरमालकाने जी फंक्शनं ओसरीवर बसवली असतील त्यांनाच हाक मारायची. माजघरातल्याला बोलवायचंच असेल तर टिंबं दुप्पट द्यावी लागत, आणि मग मशीन काम करून द्यायचं, पण आधी एक ओळ पडद्यावर यायची. मशीनला मराठी लिपी येत नव्हती, इंग्रजी अक्षरांत मराठी यायची : "माजघरात शिरून राहिले, चपला काढा."

नुसत्या नावाने परक्या फंक्शनला हाक मारली की ओळ यायची : "कोणत्या घरची?" आणि घर बरोबर पण नाव चुकलं, तर : "या घरी असं कोणी राहत नाही."

मशीनकडून असे टोमणे खाण्याची मला सवय नव्हती. पहिल्याच महिन्यात मी सरांशी भांडले.

"सर, या भिंती कशाला? सगळी फंक्शनं एकाच अंगणात ठेवा. ज्याला जे लागेल ते त्याने घ्यावं. घर, ओसरी, माजघर, हे सगळं आमच्या वस्तीने फार पाहिलंय. कोण कुठपर्यंत येऊ शकतो ते ठरवणारी ही भाषा आहे."

सरांनी चष्मा काढला. "पत्रकवाली," ते म्हणाले (हे नाव त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दिलं होतं), "माह्या मोहल्ल्यात कोणाले कोणाच्या घरी जायची बंदी आहे का? दाखव एक."

"बंदी नाही. पण नाव घेऊन जावं लागतं."

"हो. चोरासारखं शिरता येत नाही अन् मालकासारखंही शिरता येत नाही. पाहुण्यासारखं जावं लागते. त्यात वाईट काय आहे वं?"

मला पटलं नाही. माझ्या बाजूने आमचा एक सहकारी होता, चंद्रपूरचा, म्हणजे जुन्या चांद्याचा. त्याला सर चांदावाला म्हणत. त्याला तत्त्वाशी देणंघेणं नव्हतं, लांबलचक नावं टंकायचा कंटाळा होता. एकदा सर बाहेरगावी असताना त्याने मोहल्ल्यातच एक नवी आज्ञा घुसवली. ती दिली की सगळ्या घरांची दारं एकदम उघडायची आणि कुणालाही नुसत्या नावाने बोलवता यायचं. दोन दिवस आम्ही सुखात होतो. मग एका सोसायटीची बिलं छापून निघाली. सोसायटीच्या कामासाठी मी 'सवलत' नावाचं फंक्शन लिहिलं होतं आणि शाळेच्या कामासाठी चांदावाल्याने त्याच नावाचं. दारं उघडी, नाव एक. ज्याचं दार शेवटी उघडलं तो धावत आला. ज्वारीच्या बियाण्याच्या पोत्यांना वर्गात पहिलं आल्याबद्दल फीमाफी मिळाली.

सर परत आले, कागद पाहिले आणि इतके हसले की त्यांना खोकला लागला. "पोतं मेरिटमध्ये आलं," एवढंच ते म्हणाले. मग बसून चांदावाल्याची आज्ञा पुसून टाकली. ओरडले नाहीत. मला वाटतं, त्यांना माणसाच्या चुकीपेक्षा हाकेच्या चुकीत जास्त रस होता. कुणी कुणाला बोलावलं आणि भलताच कसा उठला, याचं त्यांना न संपणारं कुतूहल होतं.

एक घर मात्र सगळ्यांना लागायचं. यादीची बेरीज करणं, अक्षरं जुळवणं, कागदावर ओळी छापणं, ही रोजची फंक्शनं सरांनी स्वतः लिहिली होती आणि ती सगळी एकाच घरात होती. त्या घराचं नाव होतं कुहीवाली. मोहल्ल्यातला कुठलाही प्रोग्राम उघडा, दर दोन ओळींनी कुहीवाली, टिंबं, बेरीज. कुहीवाली, टिंबं, छाप. आम्ही दिवसभर तिला हाका मारत असू.

मी विचारलं, "ही कुहीवाली कोण?"

"काकू माही," सर म्हणाले.

त्यांचं गाव उमरेडकडचं. आई लवकर गेली. घरात तीन काकू होत्या आणि तिघींना माहेरच्या गावाने ओळखत : मांढळवाली, पवनीवाली, कुहीवाली. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला असंच बोलावतात. सरांना वाढवलं ते कुहीवालीने. "घरात एवढी माणसं," सर सांगत, "पण हाक कधी चुकली नाही पाहा. आजोबा ओसरीवरून ओरडत, कुहीवाली, पाणी. तर पाणी कुहीवालीच आणे. मी लहानपणी तेच पाहून राहिलो होतो. भाषा मी काय केली, तिथूनच उचलली."

"आणि त्यांचं नाव काय?"

"कोणाचं?"

"काकूंचं."

"कुहीवाली."

"ते गाव झालं, सर. नाव?"

सर चष्मा पुसू लागले. मी सोडलं नाही. पत्रकांवर वाढलेली मी, असं काही हातात आलं की मला सोडता येत नसे. "तुमच्या भाषेत नुसतं घर बोलवलं तर मशीन काय म्हणतं? अर्धी हाक आहे म्हणतं. आणि तुम्ही त्या बाईला आयुष्यभर अर्धीच हाक मारलीत. तिच्या घराला बोलवलं, तिला बोलवलंच नाही."

"रेशनकार्डावर असेल," सर पुटपुटले. "कार्ड चुलतभावाकडं आहे."

"मग त्यांनाच विचारा."

"पन्नाशीच्या माणसानं काकूले नाव कसं इचारावं वं? ती म्हणेल, एवढी वर्षं भाकरी खाल्ली अन् नाव माहीत नाही?" ते उठून मशीनकडे गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी काकूंना नागपूरला आणावं लागलं. त्यांचा एक डोळा आधीच गेला होता. गावात कुणीतरी त्यात झाडपाल्याचा रस पिळला होता. आता दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. चूल पेटवताना हात भाजून घेतला, तेव्हा सरांच्या चुलतभावाच्या बायकोने धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण जपून, हा एकच डोळा आहे. तिने काढलेला केसपेपर दवाखान्यातच राहिला, तारीख मिळाली. तिला पेरणीमुळे येता येईना, म्हणून काकूंना सरांनी आणलं, आणि मला म्हणाले, "तू चाल संगं. बायकांच्या खोलीत मले बसू देत नाहीत." मग जिना उतरता उतरता, माझ्याकडे न पाहता : "अन् जमलं तर तेवढं विचारून घे."

दवाखान्याच्या आतल्या खोलीत बाकांवर बायका दाटीने बसल्या होत्या. कुठून कुठून आलेल्या. कुणाच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, कुणाच्या मांडीवर डबा. काकू लहानशा होत्या, नऊवारीत आणखी लहान दिसत होत्या. चेहरा सारखा दाराकडे, जणू दिसतंय. सर दाराबाहेर उभे राहून उगाच सांगू लागले : "काकूले गोड लय आवडते. एकदा मांढळच्या बाजारात तिनं मले जलेबी घेऊन दिली, तर तिथं एक अस्वलवाला आला, अन् त्या अस्वलवाल्याचं..." मग मध्येच म्हणाले, "मी पाणी घेऊन येतो," आणि गेले. अस्वल, जिलेबी, बाजार, सगळे कंस उघडेच राहिले. तेव्हा मला समजलं की ते घाबरले आहेत.

नर्स दारात आली. "पार्वतीबाई," ती म्हणाली.

पलीकडच्या बाकावरची एक जाड बाई उठली, पदर सावरला आणि आत गेली. दार लागलं.

मी काकूंना विचारलं, "काकू, तुमचं नाव काय हो?"

"माहं?" त्यांना प्रश्न आधी कळलाच नाही. "कुहीवाली."

"ते नाही. तुमच्या आईने ठेवलेलं."

"कायले पाहिजे वं तुले?"

मी त्यांना आधी माझं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आजीचं सांगितलं. आमच्या आजीचं नाव सगळ्या वस्तीला माहीत होतं, कारण ती मोर्च्यात पुढे असायची, हेही सांगितलं. काकू हसल्या. तोंडावर पदर घेतला आणि पदराआडून, लग्नात उखाणा घ्यावा तशा लाजून म्हणाल्या, "पार्वती. माय पारू म्हणे."

नर्सने हेच नाव घेतलं होतं. मी दाराकडे धावले.

आत ती जाड बाई उंच खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. नर्सने एका हाताने तिची पापणी उचलली होती आणि दुसऱ्या हातात थेंबांची बाटली होती.

"थांबा," मी म्हणाले. "ही दुसरी पार्वतीबाई आहे."

"दुसरी म्हणजे?" नर्स वैतागली. "पार्वतीबाई म्हणून बोलावलं, पार्वतीबाई आली."

"घर कोणतं?" माझ्या तोंडून निघून गेलं. "हिचं गाव कोणतं, विचारा."

"बुटीबोरी," खुर्चीतली बाई मान मागेच ठेवून म्हणाली. "माहा काचबिंदू आहे न बाई, मले तर तपासाले बोलावलं होतं."

नर्सने बाटली खाली ठेवली. डॉक्टर आतून आले, केसपेपर पाहिला, नर्सकडे पाहिलं. ते थेंब मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बाहुली मोठी करायचे होते. काचबिंदूच्या डोळ्यात पडले असते तर दाब वाढून डोळा जायची भीती होती, हे त्यांनी नंतर सांगितलं. आणि दिवस संपला असता, तरी काकू बाहेर बाकावरच बसून राहिल्या असत्या. नर्सने त्यांनाही झापलं : "आजी, नाव घेतलं तर ओ काहून नाही दिली?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "मले कोणी बोलावलं, मले काय माहीत?"

सर पाण्याचा तांब्या घेऊन परतले तोवर काकूंना आत नेलं होतं. मी सगळं सांगितलं. ते दाराबाहेरच्या एका बाकाच्या टोकावर बसले. तांब्या मांडीवर धरून. मग एकदा नुसतं "पार्वती" म्हणाले, चव बघावी तसं.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी घेऊन काकू सरांच्या घरी राहिल्या.

पुढच्या सोमवारी केंद्रात आलो तर मशीन वेगळंच वागत होतं. कुठलाही प्रोग्राम चालवा, पडद्यावर ओळीमागून ओळ : "तिचं नाव पार्वती आहे." सरांनी त्या घराचं नाव बदलून पार्वती केलं होतं. जुन्या नावाने हाक मारली तरी काम व्हायचं, पण दर वेळी ही ओळ यायची. आणि आम्ही तर तिला दर दोन ओळींनी हाक मारत होतो. दुपारी चांदावाला हातात कागदांची लांब पट्टी घेऊन आला.

"सर, हे शाळेच्या पावत्यांवर पण छापून येऊन राहिलं. प्रत्येक पोराच्या फीखाली, तिचं नाव पार्वती आहे. हेडमास्तर विचारतीन, कोण पार्वती?"

"मग सांग त्यांना," सर म्हणाले. "अन् प्रोग्राम सुधरव. तोवर छापू दे."

मला केवढा आनंद झाला होता. ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब पत्रक होतं आणि मशीन ते स्वतः वाटत होतं. काकूंच्या डोळ्याची पट्टी सुटायच्या दिवशी मी सरांच्या घरी गेले आणि काकूंना ही बातमी सांगितली. आता सगळे तुम्हाला नावाने हाक मारतात, म्हटलं. कुही काढून टाकली.

काकू पापण्या उघडझाप करत माझ्याकडे बघत होत्या. पहिल्यांदाच मला बघत होत्या. "लहानच आहे वं तू," त्या म्हणाल्या. मग, "कुही काहून काढली?"

"ते तुमचं नाव नाही म्हणून. ते तर सासरच्यांनी दिलं."

"त्यांनी दिलं नाही, बाई. ते मी आणलं. लग्न होऊन आली तवा माह्यासंगं काय होतं? पाण्याचा एक पितळेचा गुंड अन् कुही. गुंड मोडीत गेला." त्यांनी हाताने हवेत काहीतरी झटकलं. "या घरात जो कोणी मले हाक मारे, त्याले माह्या बापाचं गाव घ्याच लागे. सासऱ्यालेही. ते तू काढून टाकलं? अन् पार्वत्या तर गावोगाव आहेत. त्या दिवशी पाहिलं नाही का तू? ते बुटीबोरीची माह्या थेंबावर जाऊन बसली."

सर आतल्या दारात उभे होते. ते मोठ्याने हसले, पोतं मेरिटमध्ये आलं तेव्हा हसले होते तसे, आणि माझ्याकडे पाहून हात जोडले. मला हसू आलं नाही. मी विचारात पडले होते. एवढ्या पत्रकांत कुणी मला हे सांगितलं नव्हतं की घराचं नाव कधी कधी बाईने जपलेलं असू शकतं. तरी मी म्हणाले, "काकू, पण नुसतं कुहीवालीही नको. तेही अर्धंच."

"मी कुठं नुसतं म्हणली?" काकू म्हणाल्या. "इचारलं कोणी?"

दुसऱ्या दिवशी पडद्यावरची ओळ गेली होती. घराचं नाव पुन्हा कुहीवाली झालं होतं, चांदावाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि बेरजा, छपाया पूर्वीसारख्या सुरू झाल्या. सरांनी त्या दिवसापासून मला पत्रकवाली म्हणणं सोडलं. वस्तीसकट पूर्ण नावाने हाक मारू लागले, तीही चारचौघांत, मोठ्याने. खालच्या चपलांच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशी. मी पहिल्यांदा दचकले. मग खिडकीतून तितक्याच मोठ्याने उत्तर द्यायला शिकले.

कुहीवालीच्या घरात, बेरजेच्या आणि छपाईच्या शेजारी, ओसरीवर एक नवं फंक्शन बसलेलं मला त्याच आठवड्यात दिसलं. नाव पार्वती. चांदावाल्याने ते उघडून पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"सर, हे काम काय करते?"

"काहीच नाही."

"मग ठेवलं कायले?"

"तिनं लय काम केलं गा," सर म्हणाले. "आता नुसती हाक मारायची." त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकेक अक्षर बोटाने टंकलं : कंस, कुहीवाली, दोन टिंबं, पार्वती. कंस बंद केला.

मशीनने उत्तर दिलं : "ओ."